स्वदेशी डबा आणि धरणाचा गाव

(पानशेत येथे झालेल्या भाषणाचा सारांश)



6 मार्च 2022 रोजी पुण्यात मेट्रो सुरू झाली, तेव्हा धावलेल्या गाड्या नागपूर मेट्रोकडून आणलेल्या होत्या. त्यांचे डबे चीनमध्ये घडलेले. 2023 मध्ये खास पुण्यासाठी बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या गाड्या रुळांवर आल्या. तंत्रज्ञान इटलीचे, पण कारखाना पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याचा आणि हात आपल्या कारागिरांचे. डबा हलका, म्हणून वीज कमी लागते. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज पुन्हा तारेत जाते. विद्या कोठूनही घ्यावी, परंतु ती पचवून आपली करावी, हाच स्वदेशीचा खरा अर्थ होय.

मात्र हे मी पानशेतला का सांगतो आहे? 12 जुलै 1961 रोजी येथील धरण फुटले आणि मुठेच्या पात्रातून लोंढा पुण्यात शिरला. त्याच पात्रालगत आज मेट्रोचे खांब उभे आहेत. पुण्याची तहान भागावी म्हणून या खोऱ्यातील गावांनी आपली शेते पाण्याखाली जाऊ दिली. त्या पुण्याची मेट्रो मात्र वनाजला आणि स्वारगेटलाच थांबते.

येथवर रूळ आणा, असा हट्ट कोणी धरणार नाही. पण गाडीच्या वेळेशी जुळणारी एसटी या खोऱ्याला मिळावी, ही मागणी भिक्षा नव्हे, हक्क आहे. वेल्ह्याची मुलगी वेळेवर महाविद्यालयात पोहोचेल, तेव्हाच तो स्वदेशी डबा खऱ्या अर्थाने आपला होईल.