कर्ज कोणते आधी फेडायचे? घरकर्जाच्या उंबरठ्यावरचा हिशेब
(बुओना व्हिस्टा येथे मित्रमंडळींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी अर्थतज्ज्ञ नाही. बायोपोलिसमध्ये प्रथिनांवर काम करतो. पण गेली दोन-तीन वर्षे घर घेऊ पाहणारे सहकारी आपापले आकडे घेऊन माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "हातात वीस हजार डॉलर आहेत. कुठले कर्ज फेडू म्हणजे बँक घरकर्ज देईल?"

बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेले असते: पुण्याच्या फ्लॅटचे. सर्वांत मोठे कर्ज तेच, व्याजही इथल्यापेक्षा जास्त, शिवाय आईवडील त्या घरात राहतात. भावना समजते, पण या कामासाठी हे उत्तर बहुधा चुकीचे आहे. बँक तुम्ही एकूण किती देणे लागता हे पाहत नाही. ती पाहते दरमहा किती जाते ते.

२०१३ साली मॉनेटरी ऑथॉरिटीने टीडीएसआर नावाची मर्यादा आणली. घरकर्जाच्या हप्त्यासकट तुमचे सगळे मासिक हप्ते उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांत बसले पाहिजेत. तेव्हा ही मर्यादा ६० टक्के होती, डिसेंबर २०२१ पासून ५५ आहे. बोनससारख्या बदलत्या उत्पन्नातले निदान ३० टक्के वगळतात. आणि बँकेचा प्रत्यक्ष दर कमी असला तरी पात्रता किमान ४ टक्के दराने तपासतात.

एक कल्पित गृहस्थ घेऊ. वय चाळीस, पक्के वेतन १०,००० डॉलर. म्हणजे मर्यादा ५,५०० ची. गाडीचा हप्ता १,०००, त्याचे दहा हप्ते उरलेले. पुण्याचा ईएमआय ६०० डॉलरच्या आसपास, बारा वर्षे बाकी. क्रेडिट कार्डावर ४,००० थकलेले, त्याचा किमान हप्ता १२०. घरकर्जासाठी उरले ३,७८०. ४ टक्के आणि पंचवीस वर्षे धरली तर हप्त्याच्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे १८९ डॉलर कर्ज मिळते. म्हणजे त्यांना सुमारे ७ लाख १६ हजार मिळेल.

आता त्यांनी वीस हजार पुण्याला पाठवले असे समजा. भारतातल्या बँका अशी जादा रक्कम आली की सहसा मुदत कमी करतात, ईएमआय तसाच ठेवतात. व्याज वाचते, वडील खूश होतात आणि इथली पात्रता एका डॉलरनेही वाढत नाही! ईएमआय कमी करा असा लेखी अर्ज केला तर साडेआठ टक्के दराने तो सुमारे २२० डॉलरने उतरेल. त्यातून इथे ४२ हजारांच्या आसपास जादा कर्ज मिळेल.

त्याऐवजी कार्डाचे ४,००० भरले आणि गाडीचे उरलेले दहाएक हजार संपवले, तर मासिक ओझे १,१२० ने हलके होते. पात्रता ९ लाख २८ हजारांच्या घरात जाते आणि हातात सहा हजार उरतात. गाडीच्या कर्जात व्याज सुरुवातीच्या हप्त्यांतच बरेचसे वसूल झालेले असते. त्यामुळे शेवटी शेवटी ते लवकर फेडून व्याज फारसे वाचत नाही. नुसत्या व्याजाच्या दृष्टीने हा सौदा सामान्यच, पण पात्रतेच्या दृष्टीने उत्तम. लोकांची गल्लत इथेच होते. कार्ड मात्र दोन्ही हिशेबांत पहिले. वर्षाला २५ टक्क्यांहून जास्त व्याज घेणाऱ्या कर्जाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

पण थांबा, एचडीबीचा फ्लॅट घ्यायचा असेल तर चित्र पालटते. तिथे आणखी एक मर्यादा आहे: घरकर्जाचा हप्ता उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत हवा. आपल्या गृहस्थांना ३,०००. त्यांची बाकीची देणी १,७२० आहेत. ती २,५०० च्या वर जात नाहीत तोवर ५५ टक्क्यांची मर्यादा आडवीच येत नाही. म्हणजे गाडी फेडा, न फेडा, कर्ज तेवढेच! मग कार्ड भरून बाकीचे पैसे जवळ ठेवावेत. कारण कर्ज जास्तीत जास्त ७५ टक्के मिळते. बाकीच्या २५ पैकी बँकेच्या कर्जात निदान ५ टक्के रोख लागतात, वर स्टॅम्प ड्यूटी. आपल्यासारख्या पीआरना पहिल्या घरावर ५ टक्के जादा ड्यूटी आहे. एम्प्लॉयमेंट पासवाल्यांना एप्रिल २०२३ पासून ६० टक्के, त्यामुळे त्यांच्यासाठी हा विषय बहुधा तिथेच संपतो. सगळे कर्ज फेडून मोकळा झालेला आणि डाउन पेमेंटला पैसे नसलेला मनुष्य मी पाहिला आहे.

आता जरा अवघड भाग. इथल्या क्रेडिट ब्युरोच्या अहवालात सिबिलची माहिती नसते, तेव्हा पुण्याचा ईएमआय फॉर्मवर लिहूच नये, असा सल्ला आपल्याच मंडळींत कुजबुजत दिला जातो. सुशिक्षित माणसे देतात. खोटे निवेदन हा एक भाग झाला. पण तो ईएमआय दरमहा तुमच्याच खात्यातून जातो ना? दर वाढले, किंवा आपल्यापैकी अनेकांचे असते तसे तीन वर्षांचे कंत्राट संपले, तर बँकेला न सांगितलेला हप्ता चुकणार नाही.

त्यापेक्षा घरी फोन करून बोलावे. फ्लॅट वडिलांच्या नावावर, कर्ज थोरल्या मुलाच्या नावावर आणि नोकरीला लागलेल्या धाकट्याने त्याबद्दल कधी विचारलेलेच नाही, अशी कुटुंबे या खोलीतही असतील. पैसे पाठवणारा बोलत नाही, कारण परदेशात राहून रडगाणे कसले गायचे! इकडे भाड्याची वर्षे सरतात. मुदत वयाच्या पासष्टीपलीकडे गेली तर कर्जाचे प्रमाण ७५ वरून ५५ टक्क्यांवर येते. म्हणून चाळिशीत पंचवीस वर्षे मिळतात, पंचेचाळिशीत वीसच. मग त्याच डॉलरमागे १८९ ऐवजी १६५.

अर्ज करण्यापूर्वी एवढे जरूर करा: फिटलेल्या प्रत्येक कर्जाचे बंद झाल्याचे पत्र मागून घ्या, क्रेडिट ब्युरोचा स्वतःचा अहवाल काढून त्यात ते कर्ज बंद झाल्याची नोंद खरोखर झाली का पाहा आणि नवी गाडी चावी हातात येईपर्यंत पुढे ढकला. आकडे आणले असतील तर चहाच्या वेळी बसू या. माझ्याकडे कोरा कागद आहे.