झाकण लगेच उघडायचं नाही
(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ‘माझ्या घरचा पदार्थ’ या कार्यक्रमातील भाषण)

मागच्या टेबलावर मोदकपात्र आहे. त्याचा गॅस मी आत्ताच बंद केलाय. पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही, म्हणून तेवढंच बोलते.

यादीत माझ्या नावापुढे ‘चिनी गोड बाओ’ वाचून कुणी कुणी विचारलं, “काकू, तुम्ही तर उकडीच्या मोदकांवाल्या!” खरंय. हा पदार्थ माझ्या सुनेचा. ती शांघायजवळच्या सुझौ शहरातली. तिकडे याला ‘दोउशा बाओ’ म्हणतात. दोउ म्हणजे कडधान्य, शा म्हणजे वाळू. वाळूसारखं बारीक पुरण भरून वाफवलेला मऊ पाव.

पुरणाला तिकडे अझुकी नावाचे बारीक लाल दाणे असतात. आम्ही लाल चवळी घेतो. एक वाटी रात्रभर भिजवायची, कुकरला मऊ शिजवायची, पुरणयंत्रातून काढायची. पाऊण वाटी साखर घालून परतायची. तिकडे जुन्या पद्धतीत डुकराची चरबी घालतात, आम्ही दोन चमचे साजूक तूप. पुरणात उलथनं उभं राहिलं की झालं. ही परीक्षा मी तिला शिकवली.

पारीसाठी ३०० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा कोरडं यीस्ट आणि साधारण १६० मिली कोमट पाणी. दहा मिनिटं चांगलं मळून झाकून ठेवायचं. दुप्पट फुगलं की पुन्हा मळून हवा काढायची आणि बारा गोळे करायचे. पारी मधे जाड, कडेला पातळ. पुरण भरून तोंड नीट बंद करायचं आणि ती बाजू खाली ठेवायची. कळ्या पाडायच्या नाहीत. तिच्या घरी कळ्यांचा बाओ म्हणजे आत खिमा, गुळगुळीत म्हणजे गोड! कागदाच्या तुकड्यावर ठेवून पुन्हा वीस मिनिटं फुगू द्यायचे, मग बारा-पंधरा मिनिटं वाफवायचे. तिकडची बांबूची करंडी वाफेचं पाणी शोषून घेते. आपलं पात्र धातूचं, म्हणून झाकणाला फडकं बांधायचं, नाहीतर थेंब पडून बाओला खड्डे पडतात.

आता थोडं वेगळं सांगते. मार्च २०२० च्या सुरुवातीला आपल्याच लिफ्टमध्ये सून शिरली आणि एक शेजारीण बाहेर पडल्या. सून दीड वर्षात चीनला गेलेली नव्हती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून चार मजले जिन्याने चढायला लागली.

जूनमध्ये तिची आजी गेली. विमानं बंद. फोनवर सगळं बघितलं आणि म्हणाली, “आई, आजीच्या फोटोपुढे दोउशा बाओ ठेवायचेत.” घरात यीस्ट नव्हतं, दुकानात मिळेना. मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, कशाला हवं ते लिहिलं नाही. अर्ध्या तासात दाराच्या कडीला पुडी अडकवलेली. त्याच शेजारणीने पाठवलेली.

पहिला घाणा मी बिघडवला. गॅस बंद केला आणि घाईने झाकण काढलं. फुगलेले बाओ डोळ्यांदेखत बसले, वर सुरकुत्या. मला रडूच आलं. ती म्हणाली, “आई, पाच मिनिटं. थांबायचं.” दुसरा घाणा चांगला झाला. दोन फोटोपुढे ठेवले. मग तिने चार बाओ ताटलीत घातले आणि स्वतः खाली नेऊन दिले.

संध्याकाळी ताटली परत आली. आपल्याकडे रिकामी कुणी परत करत नाही. ओल्या नारळाच्या वड्या होत्या. द्यायला त्या स्वतः आल्या होत्या, लिफ्टने. दारातच सुनेचा हात धरून म्हणाल्या, “चुकलं माझं.” आज त्या इथेच बसल्या आहेत आणि हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली.

सून आता लिफ्टने येते-जाते, कधी त्यांच्याबरोबर.

झाली बघा पाच मिनिटं. सूनबाई, काढ झाकण. आणि मंडळी, जपून खा, आतलं पुरण फार गरम असतं.