गिरणगावातील मूल कुणाजवळ वाढले?



सन 1930 च्या सुमारास लालबाग-परळच्या चाळींतून रात्री डोकी मोजली असती, तर पुष्कळ गाळ्यांत मुले आढळली नसती. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा गडी पाळीपाळीने पथारी टाकीत आणि खाणावळीत जेवत. मुले रत्नागिरी-साताऱ्याकडे, आईजवळ किंवा आजीजवळ. याला गावाची ओढ म्हटले गेले. ओढ होतीच, पण हिशेब साधा होता. गिरणीच्या वेतनात संसार शहरात उभा राहत नव्हता. उद्याचा कामगार पोसण्याचा खर्च मालकाऐवजी कोकणातील म्हातारी सोशीत होती.

महागाई भत्ता, कायम नोकरी आणि 1947 चा भाडेनियंत्रण कायदा यांनी चित्र पालटले. बिऱ्हाडे आली. खोली तीच राहिली, पण मूल आईबापांजवळ आले व महापालिकेच्या शाळेत जाऊ लागले. आई कामाला गेली तर शेजारची काकी पाही. चाळीच्या या माणुसकीचे गोडवे फार गाइले जातात. काकीच्या श्रमांना मोल नव्हते, हे मात्र कुणी म्हणत नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि अनेक घरांतील मुले पुन्हा गावच्या गाडीत बसली. जी राहिली त्यांतील थोरली शाळा सोडून कामाला लागली. बुडालेल्या श्रमदिवसांची गणती झाली; या मुलांची आपणही केली नाही.

पुढे 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होण्याची वाट उघडली. कुटुंबे डोंबिवली-विरारकडे सरकली. आईबापांचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात. पूर्वी मूल आजीकडे धाडीत. आता आजीलाच गावाहून आणतात. ती नसेल तर मुलाच्या गळ्यात किल्ली.

1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले होते. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा कारखाना कोणता?

2012 पासून सोडतीने काही हजार कुटुंबांना 225 चौरस फुटांची घरे मुंबईतच मिळाली. उरलेल्यांसाठी 2024 मध्ये शासनाने बदलापूरपलीकडील शेलू-वांगणी दाखविले. तेथे जायचे तर नातवंडे कुणी सांभाळायची, हा प्रश्न घराच्या मागणीइतकाच कामगार चळवळीचा आहे. वॉर्डांतून अर्ज भरून घेताना कार्यकर्त्यांनी एक रकाना वाढवावा: घरातील मूल दिवसा कुणाजवळ असते, आणि रात्री कुठे झोपते?