पवित्रा : पाय कोठे चुकतात?

(संस्थेच्या कराटे वर्गातील विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमुक पक्षाने आक्रमक पवित्रा घेतला, असे आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. हा शब्द मुळात पुढाऱ्यांचा नव्हे, आखाड्याचा आहे. लाठी किंवा पट्टा फिरविणारा माणूस हात हलविण्यापूर्वी पाय ज्या रीतीने टाकतो तो पवित्रा. कराटेत त्यालाच 'दाची' म्हणतात. मुलांना ठोसा आणि लाथ शिकण्याची घाई असते, पालकांना पुढच्या रंगाच्या पट्ट्याची असते, आणि या दोन्ही घाईंत उभे राहणे शिकायचे राहून जाते. म्हणून आज मी फक्त पायांविषयी बोलणार आहे.

आपल्या लोकांना या विद्येचे प्रेम वाटण्याचे एक कारण बोधिधर्माची कथा हे आहे. भारतातून चीनमध्ये गेलेल्या या भिक्खूने शाओलिन विहारात युद्धकला सुरू केली, असे पुष्कळ वर्गांत सांगतात. ध्यानपरंपरेत बोधिधर्माचे स्थान मोठे आहे. परंतु शाओलिनच्या व्यायामाशी त्याचे नाव जोडणारा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने लिहिलेला आहे, आणि अभ्यासक ही कथा इतिहास म्हणून स्वीकारीत नाहीत. बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी.

कराटेचा इतिहास ओकिनावा बेटाचा आहे. तेथील शाळाशिक्षक गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली टोकियोत या विद्येचे प्रात्यक्षिक केले व पुढे ती जपानभर पसरली. त्यांच्या तरुणपणीचे पवित्रे आजच्यापेक्षा उंच आणि आखूड होते. त्यांचे पुत्र योशिताका, जे १९४५ साली वारले, यांच्या प्रभावाने शोतोकान शाखेत ते लांब आणि खोल झाले. हे मुद्दाम सांगतो, कारण 'अजून खाली, अजून खाली' हा हुकूम जणू अनादि काळापासून चालत आल्यासारखा दिला जातो. तो तसा नाही. खोल पवित्र्याने मांड्या बळकट होतात हे खरे. पण ज्याचे पाय अजून तेवढे तयार नाहीत त्याला जबरदस्तीने खाली बसविले की तो गुडघा आत पाडतो, टाच उचलतो किंवा कमरेत वाकतो. म्हणजे एका खोलीपायी तीन चुका पदरात पडतात. माझ्या मते आपल्याकडे सर्वात जास्त नुकसान याच हुकुमाने होते.

आता पुढचा पवित्रा, झेन्कुत्सु-दाची, पाहू. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय सरळ, सुमारे साठ टक्के भार पुढे आणि चाळीस टक्के मागे. यात नवशिका पहिली चूक करतो ती रुंदीची. पुढे पाऊल टाकताना दोन्ही पाय एकाच रेषेवर येतात, डोंबाऱ्याच्या पोरीने दोरीवर चालावे तसे. समोरून पाहणाऱ्याला हे ऐटदार दिसते. पण बाजूने खांद्याला एक बोट लावा, मुलगा कलंडतो. दोन पायांमध्ये स्वतःच्या कमरेएवढे अंतर हवे. यासाठी कोणत्याही साधनाची गरज नाही. विहाराच्या अंगणातील शहाबादी फरशीच्या सांध्यांपैकी अंगाला जुळतील असे दोन समांतर सांधे निवडावेत, डावा पाय एकावर, उजवा दुसऱ्यावर, आणि तसेच अंगणाच्या टोकापर्यंत चालावे. पंधरा दिवसांत फरक दिसतो.

दुसरी चूक मागच्या टाचेची. ठोशाचा जोर दंडातून येतो असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात मागचा पाय जमीन रेटतो, तो रेटा कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून मुठीत जातो. टाच अधांतरी असेल तर हा रेटा पोटरीतच मुरतो. (मुष्टियोद्धा मागची टाच उचलतो, ते त्याच्या खेळात योग्यच आहे, दोन विद्यांची गल्लत करू नये.) टाच का उठते हेही पाहावे. एकतर पाऊल फार लांब पडलेले असते किंवा पोटरी आखडलेली असते. 'टाच टेकव' म्हणून ओरडण्याऐवजी पवित्रा वीतभर आखूड करावा आणि भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम रोज द्यावा.

तिसरी चूक गुडघ्याची, आणि ती सर्वात महाग पडते. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा आहे. तो वाकतो आणि सरळ होतो. गोल फिरण्याचे काम खुब्याचे आहे. पाय जमिनीला घट्ट रोवून, खुबा न वळविता अंग वळविले की सगळा पीळ गुडघ्यातील अस्थिबंध आणि कूर्चेवर पडतो. म्हणून गुडघा नेहमी पावलाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे. पुढच्या पवित्र्यात तो अंगठ्याच्या आत पडतो, मागच्या पवित्र्यात, म्हणजे कोकुत्सु-दाचीत, सत्तर टक्के भार घेणारा मागचा गुडघा आत कोसळतो. शिक्षकाने समोरून मुठी न पाहता गुडघे पाहावेत.

घोडस्वाराचा पवित्रा, किबा-दाची, याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. यात दोन्ही पावले समांतर, भार दोन्हीकडे सारखा, पाठ सरळ आणि गुडघे बाहेरच्या बाजूला रेटलेले असतात. या पवित्र्यावर आधारलेल्या तेक्की नावाच्या तीन काता आहेत. स्वतः फुनाकोशींनी त्या तिन्हींसाठी सुमारे दहा वर्षे घालविली. आपल्याकडे त्या एका मोसमात उरकतात. असो. मुलींच्या बाबतीत येथे एक निराळी अडचण येते. 'पाय जवळ घेऊन उभी राहा, गुडघे जोडून बस' हे तिने लहानपणापासून घरात ऐकलेले असते. वर्गात एकदम 'पाय फाक, गुडघे बाहेर' म्हटले की ती पाय फाकते, पण गुडघे आतच ठेवते, आणि पुढे वाकून ओढणी सावरते. तिला सांधा कळत नाही असे नाही. तिला पाहणाऱ्यांची लाज वाटते. यावर हसणारा मुलगा वर्गाबाहेर काढावा, पोशाख सैल आणि ओढणीशिवाय असावा, आणि शिक्षकाने हात लावून गुडघा सरकविण्याऐवजी स्वतः समोर उभे राहून दाखवावे. पालकांनीही घरी दोन प्रकारचे उभे राहणे शिकवू नये.

चौथी चूक मान खाली घालण्याची. पाय नीट पडले की नाही याची खात्री नसल्याने मूल खाली पाहते, मान झुकली की खांदे झुकतात, आणि भार पुढच्या चवड्यावर जातो. याला प्रत्येक वेळी इतिहास चिकटविण्याचे कारण नाही. तरीही आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या वाड्यासमोर लांब उभे राहून, वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे लागत होते, हे या अंगणात जमलेल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. त्यामुळे मान ताठ ठेवून उभे असलेले आपले मूल पाहताना त्यांच्या डोळ्यांत जे येते ते मला समजते. मात्र ताठ म्हणजे छाती फुगविणे नव्हे. छाती फुगविली की कंबर मागे जाते आणि पाठीला बाक पडतो; ही पाचवी चूक समजा.

खाली न पाहता पाय कसे कळावेत? याचे उत्तर आपल्या सुत्तातच आहे. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि आडवे होणे या चारही अवस्था सजगतेचे विषय म्हणून सांगितल्या आहेत. आपण त्यातले बसणे तेवढे विहारात घेतो. वर्ग सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटे डोळे मिटून नुसते उभे राहावे. भार टाचेवर आहे की चवड्यावर, डावीकडे की उजवीकडे, एवढेच लक्षात घ्यावे. मग डोळे उघडून तीच जाणीव पवित्र्यात न्यावी.

पालकांना एक विनंती. व्यायामाने मांडी भरून येणे वेगळे आणि गुडघा दुखणे वेगळे. वाढीच्या वयातील मुलांना गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर सूज येऊन दुखते. त्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात आणि उड्या व वारंवार गुडघे वाकविण्याने ते वाढते. मूल जिना उतरताना तोंड वाकडे करीत असेल तर त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. त्या काळात ते मूल वर्गात यावे, उंच पवित्र्यात उभे राहून हातांचा सराव करावा. त्याची पट्ट्याची परीक्षा सहा महिन्यांनी पुढे गेली तर काही बिघडत नाही. परीक्षेची फी भरली आहे म्हणून दुखऱ्या गुडघ्याने मुलाला उभे करणारे पालकही असतात.

आता आपण बाहेर अंगणात जाऊ. फरशीच्या सांध्यांवर खडूने रेषा आखून ठेवल्या आहेत. मुली नेहमी शेवटच्या ओळीत उभ्या राहतात. आज त्यांनी पहिल्या ओळीत यावे, म्हणजे गुडघे नीट पाहता येतील. चपला वऱ्हांड्यात काढा.