आपल्याच विहिरीच्या पाण्यात भिजवून पाहा

हायड्रोजेल म्हणजे काय, हे आता शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. पेरणीच्या वेळी मातीत मिसळायचे ते दाणे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं काढलेलं पुसा हायड्रोजेल आपल्या वजनाच्या ३५० पट पाणी धरतं. पण कोणतं पाणी? माझा सगळा जोर या प्रश्नावर आहे.

दाणा फुगतो तो विजेच्या जोरावर. त्यातल्या साखळ्यांवर ऋण भार असतो, आणि सारखे भार एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. धुऱ्यावरून बोलणं बंद झालेले दोन भाऊ डोळ्यांपुढे आणा. ते जितके लांब सरकतील तितकी मधली जागा मोठी, आणि त्या जागेत पाणी शिरतं. पाणी खारं असलं की सोडियमचे धन कण भावांच्या मधे मध्यस्थ होऊन बसतात. ताण सैल पडतो, अंतर घटतं, पाण्याला जागा उरत नाही. कॅल्शियम तर एका हातानं एका भावाला धरतो, दुसऱ्या हातानं दुसऱ्याला. घरातले भाऊ असे जवळ आले तर आनंदच. दाण्यातले आले की आपली तूर तहानलेली राहते.

१९८२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये तोयोइची तानाका आणि सहकाऱ्यांनी अॅसिटोन-पाण्यात फुगलेल्या अशा जेलला बाहेरून वीज लावली. विद्युतदाब जरासा बदलताच जेल एकदम आकसलं, कित्येक शे पटींनी लहान झालं, आणि दाब काढल्यावर पुन्हा फुगलं. एवढा हळवा हा पदार्थ! आपल्याला शेतात बॅटरी लावायची नाही. पण दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या पाण्यातला क्षारही या भारांशीच खेळतो, हे विसरू नका.

मी दोन गिलास घेतले. एकात पावसाचं गोडं पाणी, दुसऱ्यात खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं. दोन्हींत चिमूट-चिमूट दाणे. सकाळी पहिला गिलास तिरपा केला, तर आतला गोळा थरथरला, पण सांडला नाही. दुसऱ्यातलं पाणी मात्र सरळ ओघळलं. दाणे तळाशी, जेमतेम फुगलेले.

पुडीवरचा आकडा खोटा नाही, बाप्पा! तो गोड्या पाण्याचा आहे. म्हणून पुन्हा सांगतो, विकत घेण्याआधी आपल्याच पाण्यात भिजवून पाहा. कोणी म्हणेल, पाऊस तर गोडाच पडतो. पडतो, पण मातीत मुरता मुरता तोही क्षार घेतो. एकरी एक-दोन किलोची शिफारस आपल्या जमिनीत कितपत पुरते, ते अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती तपासून विचारा. गिलास तेवढा आज रात्रीच भिजवा.