मणिपूरचे लल्लुप



राज्याचे बळ आपण सहसा त्याच्या खजिन्यावरून मोजतो. मणिपूरच्या मैतेई राजांचे बळ मात्र प्रजेच्या दिवसांत साठवलेले होते. १७ ते ६० वर्षांच्या पुरुषाने दर ४० दिवसांतले १० दिवस राजाच्या कामी द्यावेत, असा तेथे दंडक होता. त्याला लल्लुप म्हणत. कोणी बांध घालावा, कोणी रस्ता करावा, हाक येताच कोणी शस्त्र धरावे. वर्षाचा चौथा हिस्सा असा सरकारजमा! मग घर चालवायचे कोणी? बायकांनी. इंफाळचा बायकांचा बाजार याच व्यवस्थेतून वाढला, असे अनेक अभ्यासक मानतात.

गरीबनिवाजाच्या कारकिर्दीत (१७०९–१७४८) मणिपुरी घोडेस्वार ब्रह्मदेशात खोलवर धडकले. पण माणसांवर उभे असलेले राज्य माणसे गेली की कोसळते. १८१९ साली ब्रह्मी फौजा चालून आल्या. सात वर्षे लोक परागंदा झाले, कित्येक धरून नेले गेले. गंभीरसिंहाने राज्य परत मिळवले, ते इंग्रजांच्या मदतीने. त्याच इंग्रजांनी १८९१ च्या युद्धात मणिपूर जिंकले आणि पुढल्या वर्षी लल्लुप बंद केले.

वेठ सुटली, हे बरेच झाले. पण १९०४ मध्ये साहेबाचे जळालेले घर उभारण्यासाठी त्यांनीच पुन्हा वेठ फर्मावली. तेव्हा रस्त्यावर उतरल्या त्या बाजारातल्या बायका! पुरुषांच्या त्या दिवसांची खरी किंमत पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच मोजली होती.