पियानोवरून कापडाच्या कारखान्यात

आज एका पियानो वाजवणाऱ्या बाईविषयी बोलायचं आहे. तिचं नाव युटा हिप. जन्म १९२५चा, जर्मनीतल्या लाइपझिग शहरातला.

ती वाजवायची ते जॅझ. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं हे संगीत. चाल ठरलेली असते, पण ती एकदा वाजवून झाली की पुढे ज्याला जसं सुचेल तसं त्यानं त्या चालीवर वाजवायचं. आपल्याकडे गवई उपज करतात, त्याच्या जवळपासचं. आता हिटलरच्या राज्यात काळ्यांचं आणि ज्यूंचं संगीत कुणाला चालणार? सरकार त्याला हीन म्हणायचं. युद्ध सुरू झाल्यावर तर परदेशी रेडिओ केंद्र ऐकणं हाच गुन्हा ठरला. युटा आणि तिचे मित्रमैत्रिणी चोरून ऐकत. वरून बाँब पडायचे तेव्हा तळघरात जाण्याऐवजी ती रेडिओला कान लावून चाली कागदावर उतरवून घ्यायची, असं तिनं पुढे सांगितलं आहे. शिकत होती मात्र चित्रकला. जॅझ शिकवणारी शाळा तेव्हा तिथे कुठली असायला!

युद्ध संपलं, लाइपझिग रशियनांच्या ताब्यात गेलं. १९४६ साली ती पळून पश्चिमेकडे आली. हाती काही नाही. अमेरिकन सैनिकांच्या क्लबात वाजवून पोट भरू लागली.

१९४८ साली तिला मुलगा झाला. बाप काळा अमेरिकन सैनिक. गोऱ्या जर्मन बाईच्या पोटी झालेल्या मुलाला काळ्या सैनिकानं आपलं नाव लावायची तेव्हा सोय नव्हती. लग्न नाही, घर नाही, रोज रात्री वाजवलं तर उद्याचं जेवण. तिनं मुलाला दत्तक दिलं. त्याचं नाव ठेवलं होतं लायोनेल, लायोनेल हॅम्प्टन या मोठ्या काळ्या वादकावरून. मुलगा जवळ राहणार नव्हता, पण नाव आईनं ठेवलेलं. तिच्याविषयी वाचताना मी इथे बराच वेळ थांबले.

पुढे तिचं नाव होऊ लागलं. आधी हान्स कोलर या सॅक्सोफोनवादकाबरोबर, मग १९५३पासून फ्रँकफुर्टमध्ये स्वतःचं पाच जणांचं पथक. चार पुरुष आणि पुढारी ही. लेनर्ड फेदर नावाच्या समीक्षकानं तिला ऐकलं आणि त्याच्या खटपटीनं १९५५च्या नोव्हेंबरात ती न्यूयॉर्कला पोचली. १९५६मध्ये तिथल्या ‘हिकरी हाउस’ या खाणावळवजा क्लबात ती जवळजवळ सहा महिने रोज वाजवत होती. सोबत बास वाजवायला पीटर इंड आणि ड्रमवर एड थिगपेन. त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या मोठ्या जॅझ महोत्सवातही तिनं वाजवलं. ‘ब्लू नोट’ कंपनीनं तिच्या तबकड्या काढल्या. गंमत म्हणजे ही कंपनी चालवणारे आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ हे दोघेही बर्लिनहून आलेले ज्यू.

एवढं सगळं एका वर्षात आलं आणि तितक्याच लवकर ओसरलं. तिला लोकांसमोर बसायची विलक्षण भीती वाटायची. त्यावर उपाय म्हणून दारू. वादन थोडं बदललं तर समीक्षक म्हणाले, ही आता होरेस सिल्व्हरची नक्कल करते. बाई, तीही परदेशी, मग तिच्या हातांपेक्षा कपड्यांवर आणि दिसण्यावर जास्त बोलायचं, हेही आलंच. कामं कमी झाली, भाडं थकू लागलं.

१९५८च्या सुमारास ती न्यूयॉर्कमधल्या एका कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली आणि तिथे जवळजवळ पस्तीस वर्षं राहिली. सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी थोडं वाजवायची, मग तेही सुटलं. १९५६नंतर तिनं एकही तबकडी ध्वनिमुद्रित केली नाही.

तिच्यावर लिहिणारे इथे हळहळतात. एवढी गुणी बाई, कपड्यांच्या ढिगाऱ्यात वाया गेली म्हणतात. तुमच्यातल्या कितीजणी शिलाईच्या युनिटमध्ये आठ तास काढून घरी जातात! तुम्हाला कुणी वाया गेलेली म्हटलं तर? वाया गेला असेल तर तो पियानो, बाई नव्हे. ठरलेल्या तारखेला पगार, स्वतःची खोली, दार लावून घ्यायची मोकळीक. दुसऱ्यानं वाजव म्हटलं की वाजवायचं, हस म्हटलं की हसायचं, हे तरी संपलं. ती पुन्हा चित्रं काढू लागली, फोटो काढू लागली. जुन्या वादक मित्रांची तिनं काढलेली व्यंगचित्रं फार मिश्कील आहेत. लग्न तिनं केलं नाही.

तबकड्या मात्र विकल्या जात होत्या, जपानात तर हौसेनं. पण तिचा पत्ताच कंपनीकडे नव्हता! २०००च्या सुमारास तो सापडला, तेव्हा साचलेल्या मानधनाचा सुमारे चाळीस हजार डॉलरचा धनादेश तिच्या हातात पडला. तेव्हा तिचं वय पंचाहत्तरच्या आसपास. २००३च्या एप्रिलमध्ये कर्करोगानं ती गेली. लाइपझिगमध्ये आता तिच्या नावाचा एक रस्ता आहे.

आता ऐकूया १९५६ सालचं तिचं वादन. सॅक्सोफोनवर झूट सिम्स आहेत. तो सूर आधी कानात भरतो, पण जरा थांबा, पियानोची पाळी येऊ द्या.